आजचं तिकीट, आजची लढत

सुमोचं तिकीट महिनाभर आधी काढणाऱ्याला कोणाची कोणाशी लढत बघायला मिळणार, हे ठाऊक नसतं. ठाऊक असणार तरी कसं? तोवर ते ठरलेलंच नसतं. मल्लांची क्रमवारी, जिला ‘बान्झुके’ म्हणतात, ती स्पर्धेच्या 13 दिवस आधी जाहीर होते. वरच्या दोन गटांतल्या रोजच्या जोड्या तर परीक्षक मंडळी आदल्या दिवशी बसून लावतात. अपवाद पहिल्या दोन दिवसांचा. त्या जोड्या स्पर्धेच्या थोड्याच आधी एकदम ठरतात. म्हणजे आगाऊ तिकीट काढणारा एक तारीख आणि एक खुर्ची विकत घेतो. त्या तारखेला त्याचा आवडता मल्ल घोट्याला पट्टी बांधून घरी बसलेला असू शकतो.

ज्याने मात्र आज सकाळी खिडकीवर उभं राहून आजचंच तिकीट काढलं, त्याच्या हातात आजच्या जोड्यांचा कागद असतो. कोण कोणाला भिडणार, कोण न हरता इथवर आलाय, कोणाला आणखी एक विजय मिळाला की क्रमवारीत वर सरकता येणार, हे सगळं त्याला कळलेलं असतं. ‘तोजित्सुकेन’ म्हणजे त्याच दिवशी विकलं जाणारं तिकीट. आगाऊ तिकीट हुकलेल्यांची तडजोड म्हणून बहुतेक प्रवासी त्याच्याकडे बघतात. सुमोची घडण समजून घेतली, तर हा खेळ बघण्याची सगळ्यात जुनी आणि बहुधा सगळ्यात भरभरून देणारी रीत तीच आहे, असं माझं मत आहे.

पंधरा दिवसांचं गणित

व्यावसायिक सुमोच्या वर्षात सहा मोठ्या स्पर्धा होतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या स्पर्धा टोकियोत, मार्चची ओसाकात, जुलैची नागोयात आणि नोव्हेंबरची फुकुओकात. सहा स्पर्धांचं हे वेळापत्रक 1958 पासून चालत आलंय. प्रत्येक स्पर्धा रविवारी सुरू होते आणि पंधरा दिवसांनी, रविवारीच संपते. वर्षाचे झाले 90 दिवस. त्यापलीकडे मल्ल गावोगावी दौरे करतात, पण क्रमवारी ठरते ती या नव्वद दिवसांतच.

वरचे दोन गट म्हणजे ‘माकुउची’ आणि ‘जुऱ्यो’. पहिल्यात 42 मल्ल, दुसऱ्यात 28. हे सत्तर जण पंधराही दिवस रोज एकदा लढतात. पंधरापैकी आठ जिंकले की स्पर्धा पदरात पडली, क्रमवारीत चढण्याची आशा; सात जिंकले की उतरण. खालचे गट चार, त्यांत पाचशेहून जास्त मल्ल, आणि प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा दिवसांत फक्त सात लढती.

जोड्या रोजच्या रोज लावण्यामागचं कारण इथेच आहे. जो सलग जिंकतोय त्याच्यासमोर उद्या कोणाला उभं करायचं, हे आजच्या निकालांवरून ठरतं. एकाच ‘हेया’तले, म्हणजे एकाच तालमीत राहणारे मल्ल एकमेकांशी लढत नाहीत, एवढी मर्यादा सांभाळायची. बाकी परीक्षकांचा कल स्पर्धा शेवटपर्यंत ताणून धरण्याकडे असतो. बाराव्या-तेराव्या दिवशी समोर येणारी जोडी पहिल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही.

जागा कोणाच्या?

टोकियोच्या ऱ्योगोकू भागातलं ‘कोकुगिकान’ हे सुमोचं मुख्य सभागृह. आजची इमारत जानेवारी 1985 मध्ये सुरू झाली. आत सुमारे 11 हजार प्रेक्षक मावतात. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण तिकिटाच्या रांगेतल्या माणसाच्या वाट्याला त्यातलं किती येतं, ते बघण्यासारखं आहे.

आखाड्याला, म्हणजे ‘दोह्यो’ला, अगदी लागून ‘तामारीसेकी’ असते. तिथे जमिनीवर गादी टाकून बसायचं. खाणंपिणं बंद, फोटो बंद, सोळा वर्षांखालच्या मुलांना मज्जाव. दीडशे किलोचा मल्ल केव्हा मांडीवर येऊन पडेल, याचा नेम नसतो, म्हणून हे नियम. त्यामागे ‘मासुसेकी’: लोखंडी दांड्यांनी आखलेले चौकोनी कप्पे, एकेकात चार गाद्या. चार धट्टेकट्टे लोक तिथे बसले की पाय कुठे ठेवायचे, असा प्रश्न पडतो. बूट काढून मांडी घालून बसण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे कप्पे युरोपीय पाहुण्यांपेक्षा नक्कीच सोपे जातील. वरच्या मजल्यावर साध्या खुर्च्या असतात, आणि जितकं मागे जावं तितकं तिकीट स्वस्त होत जातं.

खालच्या कप्प्यांचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या ‘चाया’ म्हणजे चहागृहांमार्फत विकला जात आला. कोकुगिकानच्या एका दारातून आत गेलं की फुलांनी सजवलेली अशी 20 दुकानं ओळीने लागतात. नावाला चहागृहं, काम जागा देण्याचं आणि पाहुण्यांची सरबराई करण्याचं. पोटरीशी घट्ट बांधलेला पायजमा घातलेले त्यांचे सेवक, ‘देकाता’, पाहुण्याला कप्प्यापर्यंत नेतात आणि मग जेवणाचे डबे, चहा, बिअर, भेटवस्तूंच्या पिशव्या आणून देतात. इथले जुने गिऱ्हाईक म्हणजे बड्या कंपन्या आणि वर्षानुवर्षांचे आश्रयदाते. 1957 साली जपानच्या संसदेत या व्यवस्थेवर प्रश्न विचारले गेले, सुधारणा झाल्या, आणि चहागृहं एका कंपनीच्या छत्राखाली आली. आज त्यांच्या दारांवर 1 ते 20 असे आकडे आहेत. पण जुनी नावं लोकांच्या तोंडी अजून आहेत.

उरलेल्या जागांची विक्री स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी, ठरलेल्या दिवशी सकाळी सुरू होते. हल्ली ती मुख्यतः संकेतस्थळावरून आणि जपानी ‘कोन्बिनी’ दुकानांतल्या यंत्रांवरून होते. शनिवार-रविवारच्या जागा बघता बघता उडतात.

सर्वसामान्यांसाठी एक फट मात्र राखून ठेवलेली होती. कोविडपूर्वीच्या वर्षांत कोकुगिकानमध्ये वरच्या मजल्याच्या अगदी शेवटच्या रांगेतल्या सुमारे 400 जागा आगाऊ विकल्याच जात नसत. त्या रोज सकाळी खिडकीवर मिळत. किंमत 2,200 येन. त्याच सभागृहात आखाड्यालगतची एक जागा 14,800 येनांना होती, यावरून फरक लक्षात यावा. नियम एकच, पण कडक: माणशी एक तिकीट. चौघांना जायचं असेल, तर चौघांनीही रांगेत उभं राहायचं. बाबांनी रांग धरायची आणि बाकीच्यांनी सावकाश नाश्ता करून यायचं, ही सोय नव्हती.

ढोलाचं आमंत्रण

कोकुगिकानच्या अंगणात 16 मीटर उंचीचा एक मनोरा आहे. स्पर्धेच्या दिवसांत सकाळी त्यावर चढून ‘योबिदाशी’ ढोल वाजवतो. योबिदाशी म्हणजे मल्लांची नावं पुकारणारा. सकाळच्या या वादनाला ‘योसेदाइको’ म्हणतात. अर्थ सरळ आहे: लोकहो, या, आज सुमो आहे.

ज्यांच्या खिशात महिन्यापूर्वीचं तिकीट आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही. हा ढोल मुळात वाजू लागला तो आगाऊ तिकीट नव्हतं त्या काळात. आज जिथे कोकुगिकान आहे, त्याच्याजवळच एकोइन नावाचं बौद्ध मंदिर आहे. 1657 सालच्या प्रचंड आगीत एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो, जळून खाक झालं. त्यातल्या बेवारस मृतांसाठी हे मंदिर उभारलं गेलं. देवळांच्या डागडुजीसाठी पैसा उभा करायला त्या काळी सुमोचे सामने भरवत. एकोइनच्या आवारात पहिली अशी स्पर्धा 1768 मध्ये झाली, आणि 1833 पासून शहरातल्या वर्षाच्या दोन्ही स्पर्धा तिथेच होऊ लागल्या.

आखाडा उघड्यावर, त्यामुळे सगळं हवामानावर. दहा दिवसांची स्पर्धा म्हणजे कोरड्या हवेचे दहा दिवस. पाऊस लागला की खेळ थांबणार, आणि दहा दिवसांची स्पर्धा कितीही लांबणार. उद्या सुमो आहे की नाही, हे लोकांना कळणार कसं? ढोलावरून. मनोऱ्यावरचा ढोल एक; दुसरा ‘फुरेदाइको’, खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरवायचा आणि उद्याच्या जोड्या ओरडून सांगायच्या. ऐकलं, वाटलं, उठलं आणि गेलं. त्या काळातलं प्रत्येक तिकीट ‘आजचं’च होतं. फुरेदाइकोची प्रथा अजून आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी योबिदाशी ढोल घेऊन शहरात फिरतात आणि पहिल्या दिवसाच्या जोड्या पुकारतात.

छप्पर आलं 1909 मध्ये. एकोइनच्या शेजारी पोलादी सांगाड्याचं घुमटाकार सभागृह उभं राहिलं, तेच पहिलं कोकुगिकान. आराखडा केला तात्सुनो किंगो यांनी. टोकियो स्टेशनची लाल विटांची प्रसिद्ध इमारतही त्यांचीच. आता पाऊस पडला तरी खेळ ठरल्या तारखेला होऊ लागला. तारीख पक्की झाली आणि तिकीट आधीपासून विकणं सोयीचं झालं. आजची आगाऊ तिकीटविक्री त्या छपरामुळे शक्य झालेली गोष्ट आहे.

रांग कधी लांब, कधी आखूड

आजच्या तिकिटासाठी किती लवकर उठावं लागतं, हे सुमोची त्या त्या काळातली लोकप्रियता ठरवते. आखाड्यावर टांगलेल्या छपराशी ‘मानइन ओन्रेई’ असं लिहिलेल्या पट्ट्या सोडल्या, की समजायचं, सभागृह भरलं, आभार. वाकानोहाना आणि ताकानोहाना या भावांच्या काळात, 1989 च्या नोव्हेंबरपासून 1997 च्या मेपर्यंत, या पट्ट्या स्पर्धांच्या सलग 666 दिवस उतरत राहिल्या.

पुढे ओहोटी आली. 2011 मध्ये ठरवून हरण्या-जिंकण्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि मार्चची स्पर्धा चक्क रद्द झाली. त्या आसपासच्या वर्षांत कामाच्या दिवशी आरामात जाऊनही तिकीट मिळत होतं. जानेवारी 2017 मध्ये किसेनोसातो योकोझुना झाला. योकोझुना हा सर्वोच्च दर्जा, आणि जपानमध्ये जन्मलेल्या मल्लाला तो 19 वर्षांनी मिळाला होता. खिडकीसमोरची रांग पुन्हा अंधारात लागू लागली.

कोविडने वेगळाच खंड पाडला. मार्च 2020 ची ओसाकातली स्पर्धा एकाही प्रेक्षकाविना झाली, मेची रद्द झाली, जुलैची नागोयाऐवजी टोकियोत, दिवसाला 2,500 प्रेक्षकांपुरती झाली. त्या काळात जागांची आखणी आणि विक्री बदलली, आगाऊ आणि क्रमांकित जागांवर भर आला. आणि नेमकी त्यानंतर लोकप्रियतेची नवी लाट उसळली. 2024 साली सहाही स्पर्धांचे नव्वदच्या नव्वद दिवस सभागृहं भरली. असं यापूर्वी घडलं होतं 1996 मध्ये. 2025 मध्ये होशोऱ्यू आणि ओनोसातो असे दोन नवे योकोझुना झाले, आणि ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, 34 वर्षांनी, सुमोची पाच दिवसांची स्पर्धा भरली.

त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत वाचलेल्या 400 जागांच्या भरवशावर आज विमानात बसू नये. खिडकीवर त्या दिवशी काय मिळणार, किती आणि किती येनांना, हे दर स्पर्धेला सुमो संघटनेच्या संकेतस्थळावर बघायचं. जोड्या कळण्यासाठी आदल्या दिवशी तिथे जायचंच असतं. एकाच फेरीत दोन्ही कामं होतात.

पहाटेचा बेत

दिवस निवडताना भावनेपेक्षा पंचांग बघावं. पहिला रविवार, मधला आठवा दिवस आणि शेवटचा ‘सेनशुराकू’, हे तीन रविवार आणि मधले दोन शनिवार टाळावेत. शेवटच्या दिवशी विजेत्याला चषक मिळतो, त्यामुळे त्या दिवसाची ओढ साऱ्या देशाला असते. दुसऱ्या ते सहाव्या दिवसांत, सोमवार ते शुक्रवार, संधी सगळ्यात चांगली. मला विचाराल तर दुसऱ्या आठवड्याचा मंगळवार किंवा बुधवार. तोवर कोण पुढे आहे याचं चित्र उमटलेलं असतं आणि वरच्या दर्जाचे मल्ल एकमेकांना भिडू लागतात.

टोकियोत जाणं सोपं आहे. जेआर सोबू मार्गावरच्या ऱ्योगोकू स्टेशनच्या पश्चिम दाराने बाहेर पडलं, की हिरव्या छपराचं कोकुगिकान समोरच दिसतं. एदोगावा भागात, निशिकासाईच्या आसपास, बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांनी तोझाई मार्गाने चौथ्या स्टेशनवर, मोन्झेन-नाकाचोला उतरून ओएदो मार्ग धरावा. तिसरं स्टेशन ऱ्योगोकू. टोकियोतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे महिना-दोन महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांना एखादी स्पर्धा सहज गाठता येते, आणि कामाच्या दिवशी सकाळी मोकळं असणं ही त्यांची मोठी शिदोरी आहे.

रांगेत पहिल्या गाडीने पोचावं. जानेवारीत टोकियोची पहाट शून्याच्या जवळ जाते. कानटोपी आणि हातमोजे विसरू नयेत. जपानी रांगेत पुढच्याशी गप्पा मारायला हरकत नाही, पण मित्रासाठी जागा धरणं वाईट दिसतं. गर्दीच्या दिवशी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात. चिठ्ठी हाती आली की तिकीट नक्की समजावं. सुट्टे येन जवळ ठेवावेत.

तिकीट संपलं, तर बाहेर कोणी चढ्या भावाने देऊ केलेलं घेऊ नये. जून 2019 पासून जपानमध्ये तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, आणि अशा तिकिटावर दारातच अडवलं जाण्याची शक्यता असते.

आत गेल्यावर

आजच्या तिकिटाची खरी कमाई सकाळी आहे. लढती साडेआठच्या सुमाराला सुरू होतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत जरा उशिरा. आगाऊ तिकीटवाले बहुतेक जण दुपारी दोन-तीनला येतात. तोवर अकरा हजारांच्या सभागृहात तुम्ही, काही म्हातारे रसिक, कोणाची तरी आई आणि खाली आखाड्यात कोवळी पोरं.

आपल्याकडच्या मैदानात जसं लहान पोरांच्या जोड्यांपासून सुरुवात होऊन शेवटी पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते, तसाच इथला दिवस चढत जातो. दिवसभरात दीडशेच्या आसपास लढती होतात. वरच्या दोन गटांच्या त्यातल्या फक्त पस्तीसेक. सकाळच्या पोरांना आखाड्यात मीठ फेकायचा मान नाही. त्यांचा लंगोट, ‘मावाशी’, साध्या काळ्या सुती कापडाचा. त्यांचा पंचही अनवाणी. त्यांना पगार नाही, किरकोळ भत्ता मिळतो. जुऱ्योत पाऊल पडलं की महिन्याला 11 लाख येन सुरू होतात, रंगीत रेशमी मावाशी मिळते, सेवेला तालमीतली धाकटी पोरं मिळतात. हातातल्या कागदावर बघावं: ‘माकुशिता’ या तिसऱ्या गटाच्या अगदी माथ्यावरच्या मल्लांच्या लढती जुऱ्योच्या थोड्या आधी येतात. एका लढतीवर माणसाचं आयुष्य पालटताना बघायचं असेल, तर सगळ्या दिवसात या लढतींसारख्या दुसऱ्या नाहीत. तेव्हा टीव्हीवर फारसं कोणी बघत नसतं.

दीडच्या सुमाराला बाहेर चक्कर मारावी. परत आत येण्याचा नियम दारावरच्या माणसाला विचारून घ्यावा. वरच्या गटांतले मल्ल या वेळी येऊ लागतात आणि त्यांच्या वाटेवर चाहते दुतर्फा उभे असतात. खालच्या गटातले तर स्टेशनवरून चालतच येतात. सगळ्यात कनिष्ठ पोरं जानेवारीच्या थंडीतही ‘युकाता’ या सुती झग्यात आणि लाकडी खडावांवर. ते शेजारून गेले की केसांना चोपडलेल्या सुगंधी मेणाचा वास मागे रेंगाळतो. एकदा ओळखीचा झाला की ऱ्योगोकूच्या गाडीत, डोळे मिटूनही, डब्यात सुमो मल्ल आहे हे कळतं.

पोटाची सोय: कोकुगिकानच्या तळघरात भाजलेल्या कोंबडीची, ‘याकितोरी’ची, सळईवरची पाकिटं इथली खासियत. कोंबडीच का? ती दोन पायांवर उभी असते. सुमोत हात जमिनीला टेकला की हार, म्हणून चार पायांच्या जनावरापेक्षा कोंबडी शुभ. मल्लांचं रोजचं जेवण, ‘चांको’ हा भाज्या-मांसाचा रस्सा, तोही स्पर्धेच्या दिवसांत तळघरात वाटीभर मिळतो. शाकाहारी माणसाने स्टेशनजवळच्या कोन्बिनीत ‘उमेबोशी’ हे खारवलेलं फळ भरलेला ‘ओनिगिरी’, म्हणजे भाताचा गोळा, खाऊनच आत शिरावं. तळमजल्यावर सुमोचं छोटं संग्रहालय आहे, तिकीटधारकांना फुकट.

सव्वादोनच्या सुमाराला जुऱ्योचे मल्ल नक्षीदार आडवस्त्रं लेऊन आखाड्यात येतात, आणि पावणेचारला माकुउचीचे. त्यांच्यामागून योकोझुना, कमरेला जाड पांढरा दोर बांधून. तो पाय उचलतो तेव्हा सगळं सभागृह ‘योइशो!’ म्हणून ओरडतं. वरच्या रांगेतून ती आरोळी सगळ्यात छान ऐकू येते. मग लढती. सभागृहाच्या मानाने आखाडा केवढासा: वर्तुळाचा व्यास 4.55 मीटर. माकुउचीच्या मल्लांना तयारीला चार मिनिटं मिळतात. त्यात पुन्हा पुन्हा वाकायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा, परत कोपऱ्यात जायचं आणि मीठ उधळायचं. दिवसाला 45 किलो मीठ लागतं. आणि लढत? बहुतेकदा काही सेकंदांत निकाल. जिंकण्याचे मान्य डाव 82 आहेत. वरून कोणता लागला हे ओळखू आलं नाही तरी चालतं, ध्वनिवर्धकावर सांगतात. छोटी दुर्बीण मात्र जवळ असावी.

वरची जागा लांबची, हे खरं. पण दोह्योवर 1952 पासून खांब नाहीत. सहा टनांचं लाकडी छप्पर तारांनी वरून टांगलेलं आहे. ते खांब प्रेक्षकांना अडचण होऊ नये म्हणूनच काढले. मागच्या रांगेतूनही आखाडा पूर्ण दिसतो. योकोझुना हरला की खालच्या गाद्या हवेत उडू लागतात. मनाई असूनही लोक फेकतात, आणि तो वर्षाव बघायला खालच्यापेक्षा वरचीच जागा बरी.

तिकीट नाहीच मिळालं तर

खिडकी बंद झाली म्हणून दिवस वाया जात नाही. मल्ल येताना बघायला तिकीट लागत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी कोकुगिकानमध्ये ‘दोह्यो मात्सुरी’ हा आखाडा पुजण्याचा विधी होतो, तो फुकट बघता येतो. निहोन्बाशी-हामाचोतल्या आराशिओ तालमीचा सकाळचा सराव रस्त्यावरून, मोठ्या काचेच्या खिडकीतून दिसतो. गप्प उभं राहायचं एवढीच अट. जानेवारीत मेइजी देवस्थानात योकोझुना आपला आखाडाप्रवेशाचा विधी करतात, आणि वसंतात यासुकुनी देवस्थानात एक दिवसाचा सुमो होतो; या दोन्हींना तिकीट नाही. टोकियोबाहेर ओसाका, नागोया आणि फुकुओका आहेतच. नागोयाची स्पर्धा 2025 पासून नव्या आयजी अरेनात होते. ओसाकाची नाम्बा स्टेशनजवळच्या क्रीडागृहात.

पण तिकीट मिळालंच, तर सहाला शेवटची लढत संपताच उठू नये. खालचे कप्पे भराभर रिकामे होत असतात, तेव्हा एक मल्ल धनुष्य घेऊन आखाड्यात येतो आणि ते गरगर फिरवतो. दिवसाच्या विजेत्यांच्या वतीने मानलेले हे आभार. ते बघून मगच बाहेर पडावं. अंगणातल्या मनोऱ्यावर पुन्हा ढोल वाजत असतो. याचं नाव ‘हानेदाइको’. लाकडी काठ्यांचे ठोके विखरत जातात, गर्दी पांगावी तसे. उद्याही या, असं तो ढोल सांगतो. स्पर्धेच्या पंधराव्या दिवशी तो वाजवत नाहीत.